हौसाक्काची पंगत

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलेल्यांच्या कानी नुसते टाळ पडतात, शब्द काही पडत नाहीत, असं आमचे गोपीनाथबुवा कीर्तनाला उभे राहिले की आधी म्हणायचे. माझ्या या गोष्टीत तर टाळही नाहीत. एक म्हातारी आहे, तिच्या कोंबड्या आहेत आणि आमच्या सप्त्यातली एक पंगत आहे. ऐकताना हसू आलं तर हसा, देवाघरच्या गोष्टीला हसलं म्हणून पाप लागत नाही.

खडकउंबरीत सप्त्याचा दुसरा दिवस होता. दुपारची पंगत उठायच्या बेतात होती. देवळाच्या पटांगणात, मांडवाखाली, पत्रावळीपुढं अख्खं गाव मांडी घालून बसलेलं. कुणी शेवटच्या भातावर आमटी मागत होतं, कुणी द्रोणातली बुंदी बोटानं निपटत होतं. तेवढ्यात यादवतात्या खांद्यावरचा पंचा सारखा करत मधोमध उभे राहिले. तात्या सप्ता कमिटीचे अध्यक्ष. गावात त्यांच्याइतकी मोठी ज्वारीची कणगी कुणाची नव्हती आणि गळ्यातली माळही त्यांच्याइतकी जाड कुणाची नव्हती.

"मंडळी, एक अडचण उभी राहिली. शुक्रवारची पंगत भिवसेनच्या घरची होती. त्यांना आज सुतक आलं. तवा शुक्रवार मोकळा झाला. कोण उचलतंय?"

पंगत उचलायची म्हणजे एक दिवस साऱ्या गावाला जेवू घालायचं. असा प्रश्न आला की भल्या भल्या बागाइतदारांना पत्रावळीवर काहीतरी हुडकायचं असतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"मी उचलते," बायांच्या बाजूनं आवाज आला.

हौसाक्का उभी होती. माझी शेजारीण. माझ्या पिठाच्या गिरणीला पाठ लावून तिचं घर. अंगानं चिपाड, पण आवाज असा की माझी डिझेलवरची गिरणी टुकटुकत असली तरी तिची हाक मला आतून ऐकू यायची. तिचा नवरा सोपानदादा सप्त्याचा पखवाज वाजवायचा. टाळ कसा धरायचा हे मला त्यानंच शिकवलं, बोटांवर चिपळी मारून मारून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पंगतीत जेवला आणि एकदा तरी आपल्या घरची पंगत पडावी म्हणत गेला. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

तात्यांनी कपाळाला आठी घातली. "हौसे, पंगत म्हंजी घरच्या चार माणसांचं जेवण न्हाई."

"ठावं हाय की. मी सांचवलंय त्येवढं."

"कशातनं?"

"कोंबड्यांतनं. अंडी इकून."

आधी पंगतीत हसू पिकलं. मग ते आपोआप मावळलं. माझ्या शेजारी किसनमामा बसले होते, पक्के माळकरी. त्यांच्या तोंडात बुंदीचा घास होता. तो गिळावा की बाहेर काढावा हे त्यांना समजेना. जणू आजचीच पंगत हौसाक्काची होती.

"अंड्याच्या पैशाची बुंदी?" ते घास तसाच गालात ठेवून म्हणाले.

"आरं देवा," तात्या म्हणाले, "माळकऱ्यांच्या पोटात अंड्याचा पैका? सप्ता बाटंल!"

"पैक्याला कुठं टरफल असतं तात्या?" हौसाक्का म्हणाली.

बाया खुदखुदल्या. तात्यांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार एवढ्यात पहिल्या ओळीत बसलेल्या गोपीनाथबुवांनी उपरण्यानं तोंड पुसलं. बुवा त्या सप्त्याचे कीर्तनकार. आठही दिवस मुक्काम माझ्या घरी. गोरेपान, ठेंगणे, सुपारी चघळताना डोळे मिचकावायची सवय.

"उद्या प्रवचन झालं की सगळे इथंच बसू आणि बोलू," बुवा म्हणाले. "तोवर कुणी कुणाला बाटवू नका. पोटं भरलेली असताना वाद करू नये, ढेकर मधे येतो."

घरी आलो तर माझी बायको शेवंता दारातच उभी.

"आवं, काय बी करा पण अक्काची पंगत होऊ द्या," ती म्हणाली. अक्काच्या अंड्यांचे पैसे शेवंताकडंच असायचे, बाजरीच्या पिठाच्या डब्यात, एका पुरचुंडीत. "बिचारीनं एक पोलकं शिवलं न्हाई तीन वर्षांत. गेल्या सप्त्यालाच दिली असती पंगत. पर त्याच्या आधीची सारी थंडी कोंबड्या खुडूक बसल्या म्हणं. डब्यात एक रुपाया पडला न्हाई."

खुडूक बसली म्हणजे कोंबडी अंडी द्यायची थांबते आणि उबवायला बसते. खाली अंडी नसली तर दगड उबवते. अशा वेळी तिच्याकडून काही मिळत नाही, फक्त टोच मिळते.

दुसऱ्या दिवशी मी गिरणी लवकर बंद केली आणि अक्काच्या परसात गेलो. अक्का खुराड्यात डोकं घालून बसली होती. बाहेर फक्त तिचे पाय दिसत होते.

"अक्का, बाहेर ये. काम हाय."

"थांब, तांबडी रुसलीया." आतून झटापटीचा आवाज आला आणि अक्का केसांत पिसं घेऊन बाहेर आली. हातात एक ऊनऊन अंडं. मी आपला एक पाऊल मागं सरलो. माळ घातल्यापासून मी अंड्याकडं पाहतसुद्धा नव्हतो.

"भिऊ नकू, उडी मारत न्हाई ते," ती म्हणाली आणि भुसा घातलेल्या टोपलीत तिनं ते अंडं अलगद ठेवलं.

"हे बघ. आज बुवा विचारणार. तात्या म्हणणार, पैसा अंड्याचा. तू म्हणायचं, पैसा कष्टाचा. समजलं?"

"बरं."

"एक अंडं टोपलीत पडायला काय काय करावं लागतं ते सगळं सांगायचं. सांग बघू मला."

अक्का विचारात पडली. "काय करायचं? सकाळी सोडायच्या, सांजच्याला कोंडायच्या."

"आणि कोंबड्यांना मानमोडीचा रोग येतो तेव्हा?"

"तवा डोळ्यांत थेंब घालायचे."

"थेंब आणायला कुठं जातेस?"

"तालुक्याला, जनावरांच्या दवाखान्यात. बर्फात घालून आणावं लागतंय. येस्टीत मांडीवर धरून. गेल्या बारीला माझ्या मांड्या बधिर झाल्या, उतरताच येईना. कंडक्टर म्हणला, आजी, झोपला का?"

"हे सांगायचं! आणि मुंगूस?"

"मेलं मुंगूस!" अक्का उसळली. "माझी काळी न्हेली त्यानं. चार दिस मी काठी घिऊन उखळाआड बसले. घार येती ती निराळी. उन्हाळ्यात पाणी बदलायचं, पावसाळ्यात खुराडं सारवायचं. पिसवा झाल्या तर राख भरायची. पिल्लं झाली तर कण्या घालायच्या, इकत्याच आणते मी. दहा पिल्लांतली हाताला लागत्यात चार."

"अक्का, एवढं सांगितलंस तर तात्यांची बोलती बंद. कष्टाच्या पैशाला कोण नाही म्हणेल? खर्च सांगायचा, घाम सांगायचा. लाजायचं नाही."

"सांगते की. लाजायला मी काय नवी नवरी हाय?"

मी निर्धास्त झालो.

दुपारी प्रवचन संपलं. लोक उठलेच नाहीत. असं प्रवचनाला गावात पहिल्यांदाच झालं. बुवा चटईवर बसले, समोर पुरुष, कडेला बाया. तात्या खांबाला टेकून, हातात जपाची माळ. त्यांच्या घरच्या अंबूकाकी मात्र आलेल्या नव्हत्या. मागं मोठं दुखणं काढल्यापासून त्या गर्दीत कमीच यायच्या.

"प्रश्न पैक्याचा न्हाई महाराज, आचाराचा हाय," तात्यांनी सुरुवात केली. "माळकऱ्यानं अंड्याला शिवायचं न्हाई, मग अंड्यातनं आलेलं अन्न खायचं कसं?"

मी उठलो. "महाराज, पैसा कष्टाचा आहे. अक्कालाच विचारा. एका अंड्याला तिला काय पडतं ते विचारा."

"रास्त," बुवा म्हणाले. "हौसाबाई, सांगा. एका अंड्याला खर्च किती येतो तुम्हाला?"

अक्का उभी राहिली. पदर डोक्यावर ओढला. माझ्याकडं बघितलं, मी मान हलवून धीर दिला. मग तिची नजर फिरत फिरत तात्यांवर गेली. तात्या खाली मान घालून भराभरा मणी ओढत होते.

"काही न्हाई महाराज," ती म्हणाली.

"काही नाही?"

"फुकट. भायेर चरत्यात, घरात घालत्यात. मला काय खरच?"

मी कपाळावर हात मारला. तो इतका जोरात बसला की किसनमामांनी वळून पाहिलं. "अक्का, थेंब! थेंब सांग!" मी दबक्या आवाजात म्हणालो.

"कसलं थेंब?" अक्का मलाच म्हणाली, आणि खाली बसली.

"ऐका!" तात्या खांबापासून सुटे झाले. आवाजात एकाएकी जोर आला. "म्हंजी कष्ट बी न्हाईत. ऐतं. मिटला इषय. शुक्रवारची पंगत मी देतो, माझ्या कणगीतनं."

लोकांनी माना डोलावल्या. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. सोपानदादाची पंगत माझ्या डोळ्यांदेखत निघून चालली होती आणि ही बाई मुकाट बसली होती.

"थांबा तात्या," बुवा म्हणाले. सुपारी या गालातून त्या गालात गेली. "हौसाबाई, कोंबड्या बाहेर चरतात म्हणालात. बाहेर म्हणजे नेमकं कुठं?"

अक्कानं तोंड उघडायच्या आधी किसनमामा उठले. बरीच वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडायला त्यांना तेवढंच निमित्त पुरलं.

"कुठं म्हंजी? माझ्या मेथीच्या वाफ्यात! आज पेरावं आन् उद्या हिच्या कोंबड्यांनी उकरावं. गेली कैक वर्षं मी मेथी पेरतो, उगवलेली बघितली न्हाई!"

"तुमची नुसती मेथी," मागून कलावतीमावशी म्हणाल्या, "माझ्या कुरडया! पोरींच्या हातचं वाळवण, अर्धी बाज साफ केली तांबडीनं. आन् वर बाजंवर बसून आरवते!"

"तांबडी आरवत न्हाई, ती कोंबडी हाय," अक्का पुटपुटली.

"देवळातल्या सांडलेल्या अक्षता," गुरव म्हणाले, "मी झाडू घेऊन येईपर्यंत एक दाणा उरत न्हाई. नैवेद्याचा भात ठेवून पाठ फिरवायची सोय न्हाई."

मग तर झुंबड उडाली. कुणाचे तीळ, कुणाची भिजत घातलेली पेंड, कुणाच्या म्हशीच्या आंबोणातला वाटा. एकानं वाफा सांगितला की दुसरा शेत सांगायचा. बुवा एकेकाला विचारत होते, "खात्री आहे?" आणि जो तो म्हणत होता, "देवाम्होरं सांगतो महाराज!"

"आरं, तुमचं कसलं नुकसान!" तात्यांना राहवलं नाही. कुठल्याही बाबतीत गावात आपलं कमी भरलेलं त्यांना चालत नसे. "माझी कणगी खालून फुटलीया. रोज सकाळी हिच्या कोंबड्यांची पंगत माझ्याच दारात. निम्म्याहून जास्त चारा माझा गेला असंल. कुणाशी बी पैज लावतो!"

"निम्म्याहून जास्त?" बुवा म्हणाले.

"जास्तच!"

"देवासमोर?"

"देवाम्होरं!"

बुवांनी डोळे मिटले. कीर्तनात पूर्वरंग संपवून उत्तररंगाला हात घालायच्या आधी ते असेच डोळे मिटायचे. काहीतरी येणार हे मला कळलं.

"हौसाबाई," ते म्हणाले, "तुम्ही खरं बोललात. तुमचा खर्च काही नाही. खर्च तर या मंडळींचा! ज्वारी तात्यांची. मेथी किसनरावांची. कुरडया कलावतीबाईंच्या. अक्षता तर साक्षात देवाच्या. भांडवल सगळं गावाचं, हौसाबाई नुसत्या टोपली घेऊन उभ्या. आता मला मंडळींनीच सांगावं." त्यांनी सगळ्यांवरून हात फिरवला. "इतकी वर्षं या गावात अंडी पिकवतंय कोण?"

क्षणभर कुणाला काही उमजलं नाही. मग बायांकडून पहिलं हसू फुटलं आणि मांडवभर पसरत गेलं. किसनमामांनी दचकून गळ्यातली माळ चाचपली, ती जागेवर आहे का बघायला. गुरव खांबामागं गेले. सगळ्यांच्या नजरा हळूहळू यादवतात्यांवर जाऊन थांबल्या, कारण निम्म्याहून जास्त त्यांनीच कबूल केलं होतं, तेही शपथेवर.

"तेव्हा वाटा दोन," बुवा म्हणाले. "एक तर इतकी वर्षं अंडी पिकवल्याबद्दल सगळ्या माळकऱ्यांनी उपास धरावा. किती दिवस, ते प्रत्येकानं आपापल्या नुकसानीच्या हिशेबानं ठरवावं. नाहीतर आपलंच धान्य वळसा घालून बुंदीच्या रूपानं परत येतंय, ते शुक्रवारी गोड मानून घ्यावं."

"पंगत! पंगत!" किसनमामाच पहिले ओरडले. मेथीच्या हिशेबानं उपास त्यांना जन्मभर पुरला असता.

सगळे हसत उठले. तात्या मात्र हसले नाहीत. "मला न्हाई पटलं," एवढंच म्हणाले आणि वहाणा घालून निघाले. "गावानं खुशाल जेवावं. मी येणार न्हाई."

परतताना मी अक्काला गाठलं. "अक्का, काय ठरलं होतं आपलं? एक शब्द बोलली नाहीस!"

"इसरले बघ."

"विसरलीस? सकाळी मांड्या बधिर झालेल्यासुद्धा आठवत होत्या!"

"म्हातारी झाले रं मुरली," ती म्हणाली आणि झपाझप अशी चालायला लागली की मलाच पळावं लागलं.

शुक्रवारी पहाटेपासून देवळामागं चुली पेटल्या. आचारी बुंदी पाडत होता, बाया भाकरी थापत होत्या. अक्कानं कोंबड्या सोबत आणून तिथंच डालग्याखाली झाकल्या होत्या, वर पाटा ठेवून, म्हणजे आज तरी कुणाची तक्रार नको. सोपानदादाचा जुना पंचा तिनं खांद्यावर टाकला होता आणि प्रत्येक पातेल्यात डोकावून आचाऱ्याला सूचना देत होती. आचारी हात जोडून मला म्हणाला, "ह्यांना कुठंतरी बसवा, न्हाईतर मला बसवा."

पानं मांडली. गाव बसलं. पण पंगत सुरू होईना. आमच्याकडं रीत अशी, की सप्त्याच्या अध्यक्षानं देवाच्या पानावर पहिली पळी वाढायची. त्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही. आणि तात्या आलेले नव्हते. निरोप गेला, निरोप्या एकटाच परत आला.

"महाराज, तुम्हीच वाढा पहिली पळी," कुणीतरी म्हणालं. "तुमच्यापेक्षा मोठं कोण?"

बुवांनी अक्काकडं पाहिलं. अक्कानं मान हलवली.

"न्हाई. तात्याबिगर न्हाई. तात्यांच्या कीर्तनयेडापायी तर आमच्या ह्यांनी पखवाज हातात घेतला. ते आले न्हाईत तर ही पंगत ह्यांची व्हणार न्हाई." पळी खाली ठेवून ती निघालीच. "मी घिऊन येते."

"अक्का, अपमान करतील," मी म्हणालो.

"करू दे. त्यांना सवयच हाय."

पण तिला जावं लागलं नाही. कमानीतून अंबूकाकी येत होत्या. बारीक झालेल्या, पण स्वतःच्या पायांनी चालणाऱ्या. गळ्यात माळ. त्यांच्या मागून तात्या. शाळेत उशिरा आलेलं पोर मास्तरांपुढं येतं तसे.

काकी पानांच्या मधोमध थांबल्या. "बोला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"अगं, नंतर..."

"आत्ता. का मी बोलू? माझा आवाज बारीक झाला असंल, पर कमानीपतुर जाईल येवढा हाय."

तात्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. पुन्हा पुसलं.

"मंडळी, गेल्या सप्त्याच्या आधीची थंडी आठवा. ही हातरुणाला खिळली व्हती."

"आठवतंय की," किसनमामा म्हणाले.

"डाक्टरानं काय सांगितलं ते कुणाला ठावं न्हाई. तो म्हणला, बाईच्या अंगात रगत न्हाई, ताकद न्हाई. रोज एक..."

"रोज एक काय?"

"अंडं!" तात्या एवढ्यानं ओरडले की आचाऱ्याच्या हातातला झारा पडला. मग एकदम खालच्या आवाजात बोलायला लागले. "हिनं माळ काढून देवाम्होरं ठिवली. म्हणली, उठले तर परत घालीन. मी सप्त्याचा अध्यक्ष. दुकानात जाऊन अंडं कोणत्या तोंडानं मागू? म्हणून परसदारानं हौसाकडं गेलो. तिनं इचारलं न्हाई, कशाला पायजे. दुसऱ्या दिसापासून रोज सकाळी पदराखाली घिऊन हौसाच यायची. सारी थंडी. रोज मी पैसं पुढं करायचो आन् रोज ती म्हणायची, तात्या, मला अंड्याला काय खरच येतोय? भायेर चरत्यात, घरात घालत्यात. फुकटचं हाय."

"अगं बाई!" बायांच्या ओळीतून शेवंता मोठ्यानं म्हणाली. "म्हंजी कोंबड्या खुडूक बसल्याच नव्हत्या! म्हणून गेल्या सप्त्याला अक्काची पंगत ऱ्हायली!"

सगळं गाव तिच्याकडं वळलं. शेवंतानं तोंडावर हात ठेवला, पण शब्द निघून गेला होता. गेल्या वर्षीची पंगत कुठं गेली हे आता मांडवात सगळ्यांना समजलं होतं.

"मला भ्या वाटलं," तात्या म्हणाले. "अंड्यांचा इषय निघाला का माझं घर निघंल, म्हणून मी पंगतच नको म्हणत व्हतो. महाराजांनी तिला खरच इचारला, तवा ती माझ्याकडं बघत व्हती. म्हणलं, आता घेतीया माझं नाव. येक शबुद बोलली असती तर..."

अक्का घुश्शात म्हणाली, "गप ऱ्हावा तात्या. बुंदी गार व्हतीया."

डालग्याखाली तांबडी कुरकुरली. मग किसनमामांनी हळूच विचारलं, "म्हंजी तात्या, पिकवली बी तुम्हीच, आन् खाल्ली बी तुमच्याच घरात?"

"खाल्ली मी," अंबूकाकी म्हणाल्या. "ह्यांनी नुसती उकडली. ती बी रोज फुटायची."

अख्खा मांडव हसला. मग तात्याही हसले, डोळे पुसत. बुवांनी उपरणं चेहऱ्याला लावलं होतं; हसत होते की काय ते मला दिसलं नाही.

तात्यांनी पळी उचलली. देवाच्या पानावर बुंदी वाढली. मग एक नवी पत्रावळ घेतली, पहिल्या ओळीत, बुवांच्या शेजारी स्वतःच्या हातानं मांडली आणि पाणी फिरवलं.

"बस हौसे."

"ह्ये काय तात्या? यजमानानं समद्यात शेवटी जेवायचं असतं."

"यजमान तू कशी? महाराजांनी हिशेब केलाय. ज्वारी माझी, मेथी किसनची, अक्षता देवाच्या. यजमान आम्ही. तू पाव्हणी. बस."

अक्कानं बुवांकडं पाहिलं. बुवांनी सरकून जागा केली. ती बसली. पहिला घास उचलून तिनं पानाच्या कडेला ठेवला, सोपानदादासाठी. तात्या बुंदी वाढतच राहिले. ती पुरे पुरे म्हणत हात आडवा धरायची आणि ते बोटांमधून वाढायचे.

आता अक्का नाही, तात्या नाहीत, बुवाही देवाघरी गेले. परसात कोंबड्या कुणी पाळत नाही, किसनमामांच्या नातवाची मेथी जोमात येते. तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. कुठल्याही देवळात, कुणाच्याही पंगतीत पानावर बसलात, की पहिला घास तोंडात घालायच्या आधी मनात एकदा म्हणा, हौसाक्का, बस गं शेजारी.